भेंडवळचा घट, लोणारची उल्का

२०२४ सालचा डिसेंबर संपता संपता बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळायला लागले. आधी डोक्याला खाज सुटायची, मग नुसता हात फिरवला तरी झुबका हातात यायचा आणि आठवड्याभरात टक्कल पडायचे. म्हातारे, तरणे, बाया, शाळकरी पोरी, कुणीच सुटले नाही. गावाचा बोभाटा झाला तशा जमत आलेल्या सोयरिकी अडल्या.

पहिला संशय पाण्यावर आला आणि तो साहजिकच होता. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. तपासणीत नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले खरे, पण असले पाणी इथले लोक कित्येक वर्षे पीत आले होते आणि केस कधी गेले नव्हते. मग शाम्पूवर बोट ठेवले गेले, तर ज्यांनी शाम्पूची पुडी कधी फोडली नाही त्यांचेही केस गेलेले. बुरशीचा तर्क निघाला, त्वचेचे नमुने गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली, रक्त, लघवी, माती, धान्य असे सगळे गोळा करून घेऊन गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपला निष्कर्ष मांडला. १८ गावांतल्या २७९ जणांच्या या आजाराचे मूळ त्यांच्या मते रेशनच्या गव्हात होते. तिथल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, जिथे १.९ मिलिग्रॅमच्या आसपास असायला हवे. रुग्णांच्या रक्तात त्याचे प्रमाण ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते. शरीराला सेलेनियम लागते, पण अगदी कणभर. त्यापलीकडे ते विष ठरते आणि आधी केस, मग नखे जातात. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याला, होशियारपूरकडच्या काही भागात, मातीतच सेलेनियम जास्त आहे, हे कृषिशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते. गहू तिकडून आला असावा, असे बावस्करांचे म्हणणे. त्यावर वादही झाला. पुढे एप्रिलमध्ये याच गावांतून नखे तडकून गळून पडण्याच्या तक्रारी आल्या आणि सेलेनियमकडे बोट दाखवणाऱ्यांची बाजू आणखी जड झाली.

या तपासात लक्षात ठेवायचे ते एवढेच, की पाणी, शाम्पू, बुरशी, गहू यांतला प्रत्येक तर्क आपल्यासोबत एक परीक्षा घेऊन आला. परीक्षेत टिकला नाही तो तर्क सोडून दिला गेला, मग तो सांगणारा कितीही मोठा असो.

बावस्कर बुलढाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांची सगळी हयात कोकणात महाडला विंचूदंशावर गेली. लाल विंचू चावला की माणूस काही तासांत फुप्फुसात पाणी भरून जायचा. घरचे त्याला आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेत. विंचू उतरवणाऱ्याचे नाव होण्यामागे कारण होते. बहुतेक विंचवांच्या विषाने माणूस मरत नाही, फक्त रात्रभर तळमळतो. त्यामुळे दहांपैकी बहुतेक जण मंत्राने ‘बरे’ व्हायचे. उरलेल्यांचे दैव खोटे निघायचे. बावस्करांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरले, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली आणि गंभीर रुग्णांमधले चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू एक टक्क्यावर आले. मंत्र म्हणणाऱ्यानेही तशीच वही ठेवली असती, तर जे बावस्करांना दिसले ते त्यालाही फार पूर्वी दिसले असते.

धर्म आणि विज्ञान यांचे भांडण कशावरून आहे, याचा शोध घ्यायला बुलढाण्यासारखा जिल्हा शोधून सापडणार नाही. लोकांना वाटते ते भांडण देव आहे की नाही यावरचे आहे. पण शेगावला पायी येणारा वारकरी ताप आला की दवाखान्याचीच पायरी चढतो. ज्या गजानन महाराजांच्या संस्थानात तो दानपेटीत नोट टाकतो, तेच संस्थान १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालयही चालवते. त्याच्या भक्तीने विज्ञानाचे काही अडत नाही. अडते ते जगाविषयी एखादे ठाम विधान केले जाते आणि त्याचा पडताळा घ्यायला मात्र मनाई असते तेव्हा. पाऊस पडेल, वेड उतरेल, मूल होईल, ही विधाने देवाबद्दलची नाहीत. ती पाऊस, मेंदू आणि गर्भाशय यांच्याबद्दलची आहेत.

शेगावच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात वाघ घराण्यातली माणसे घट मांडतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही प्रथा सुरू केली आणि तिला साडेतीनशे वर्षे झाली, असे गावात सांगतात. अलीकडे पुंजाजी महाराज आणि सारंगधर महाराज यांच्या हातून ही मांडणी होत आली. मातीत गोल आखून त्याच्या कडेने अठरा धान्ये मांडली जातात: गहू, ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, करडी, मसूर, वाटाणा, लाख, सरकी, अंबाडी, भादली अशी. मधोमध खड्डा, खड्ड्यात मातीची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याने भरलेली घागर. चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. घागरीवर पुरी, पापड, भजे, वडा, सांडोळी, कुरडई, करंजी. पुरी ही पृथ्वी, करंजी हा देशाचा खजिना, पानाचा विडा ही राजाची गादी. मसूर हा परका शत्रू आणि भादली ही पिकांवरची रोगराई.

एवढे मांडून सगळे घरी जातात. रात्रभर तिथे कुणी फिरकायचे नाही. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना शेकडो शेतकरी शेतात जमतात. विदर्भाबरोबर खानदेश आणि मराठवाड्यातूनही येतात. कोणते ढेकूळ भिजले, कोणते कोरडे राहिले, गव्हाचे दाणे आत सरकले की बाहेर, विडा जागचा हलला का, हे पाहून वर्षाचे भाकीत सांगितले जाते. पाऊस, पिके, भाव, रोगराई, सीमेवरचा तणाव आणि राजाची गादी सगळे त्यात येते. लोकसभेच्या निवडणुका अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आल्या की आचारसंहितेमुळे गादीचे भाकीत तेवढे जाहीर होत नाही.

मातीची घागर झिरपते. कोणत्या अंगाने झिरपेल ते तिच्या भाजणीवर आणि ती किती कलली आहे यावर ठरते. त्याप्रमाणे खालचे एखादे ढेकूळ चिंब होते, एखादे कोरडे राहते. वैशाखात शेतात उघड्यावर ठेवलेल्या धान्याला मुंग्या लागतात, उंदीर येतात, उजाडता उजाडता पाखरे उतरतात, वारा असतोच. दाणे जागचे हलले नाहीत तर ते नवल. ढेकळातला हा ओलावा आणि जुलैत बंगालच्या उपसागरावर तयार होणारा कमी दाबाचा पट्टा यांना जोडणारा कुठलाही दुवा कुणी दाखवलेला नाही.

तरीही दरवर्षी लोक सांगतात, की भेंडवळचे भाकीत खरे ठरले. ते खोटे बोलत नाहीत. हे कसे होते ते साध्या हिशेबाने कळते. चार महिने आहेत आणि प्रत्येक महिन्याला तीनच उत्तरे धरा: पाऊस कमी, साधारण, चांगला. डोळे मिटून चारही उत्तरे दिली तर चारही बरोबर येण्याची शक्यता ८१ मध्ये एक. पण चारांपैकी निदान एक महिना बरोबर येण्याची शक्यता ८१ पैकी ६५, म्हणजे ऐंशी टक्के. निदान दोन महिने बरोबर येण्याची शक्यता ८१ पैकी ३३, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर. त्यात अठरा पिके, त्यांचे भाव, रोग, शत्रू, खजिना अशी पंचवीस-तीस विधाने मिळवा. एवढ्यांतली दहा-बारा दरवर्षी नुसत्या योगायोगाने लागणार. ‘पीक साधारण, कुठे कमी कुठे जास्त’ हे तर कोणत्याही साली, कोणत्याही तालुक्यात खरेच असते. लागलेली बारा पारावर बोलली जातात. न लागलेली अठरा दिवाळीपर्यंत कुणाच्या ध्यानातही राहत नाहीत.

हा दोष अडाण्यांचा आहे असे कुणी समजू नये. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. हे वर्णन कितपत जुळते, याला पाचांपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ गुण पडले. मग त्याने उघड केले, की सगळ्यांना दिलेला कागद शब्दन्‌शब्द एकच होता आणि त्यातला बराच मजकूर भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेला होता. ती कॉलेजात शिकणारी, मानसशास्त्राचीच मुले होती.

आता दुसऱ्या बाजूचे भाकीत पाहू. भारतीय हवामान खात्याने मान्सूनचा पहिला दीर्घकालीन अंदाज ४ जून १८८६ रोजी दिला. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून तो बांधला होता. शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने सोळा घटकांचे प्रारूप आले. महाराष्ट्राला त्याचा केवढा अभिमान होता. पुढची बरीच वर्षे त्याने देशाच्या पावसाची दिशा बरोबर सांगितली. मग २००२ साल आले. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा आणि पाऊस झाला ८१ टक्के. जुलै महिना देशभर कोरडा गेला, पेरण्या करपल्या. खात्याला ‘साधारण, कुठे कमी कुठे जास्त’ म्हणून सुटता आले नाही, कारण आकडा छापील होता आणि त्यातली संभाव्य चूकही आधीच सांगितलेली होती. लोकांनी धारेवर धरले, संसदेत प्रश्न विचारले गेले, आणि २००३ मध्ये खात्याने ते प्रारूप बाजूला ठेवून नवीन आणले.

हवामान खाते चुकते, याचा दाखला भेंडवळच्या बाजूने नेहमी दिला जातो. खाते चुकते हे खरेच आहे. पण ते कधी आणि कितीने चुकले हे सांगता येते, आणि त्या चुकीमुळेच पुढचा अंदाज सुधारतो. साडेतीनशे वर्षांत भेंडवळच्या मांडणीत चुकीमुळे एकही धान्य बदलल्याचे कुणी सांगत नाही.

हे सगळे मान्य करूनही एक प्रश्न उरतो आणि तो शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. तो पहाटे भेंडवळला का जातो? २००६ साली पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचे पॅकेज दिले त्यांत बुलढाणा होता. कोरडवाहू कपाशी आणि सोयाबीन, पेरणी साधली तर वर्ष निघते, मधेच पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणी, म्हणजे बी-बियाण्याचा खर्च पुन्हा आणि सावकाराचे दारही पुन्हा. देशाच्या सरासरीचा आकडा त्याला काय कामाचा? त्याला त्याच्या शिवारातल्या मृगाचे हवे असते. ते त्याला एप्रिल-मेमध्ये कुणीही नीट सांगू शकत नाही. भेंडवळ सांगते, तेही तोंडी, त्याच्या भाषेत आणि चार माणसांत उभे राहून. त्याच्या या गरजेला हसणारा माणूस विवेकवादी नव्हे. अनिश्चितता जिथे जास्त तिथे श्रद्धेचे आधार जास्त. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाला शंभर वर्षांपूर्वी ट्रोब्रियंड बेटांवर हेच आढळले होते: शांत खाडीत मासे धरताना तिथले कोळी मंत्र म्हणत नसत, खोल समुद्रात जाताना म्हणत.

भेंडवळच्या भाकितावर विसंबल्याने होणारे नुकसान बहुतेक वेळा पैशात मोजता येते. बुलढाणा शहरापासून जवळच जी दुसरी जत्रा भरते, तिथला हिशेब वेगळा आहे.

पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा महाराष्ट्राबाहेरही ठाऊक आहे. होळीच्या सुमारास तिथे लाखो लोक येतात, हिंदू आणि मुसलमान दोघेही. होळी पेटते ती नारळांची. आजारी माणसावरून उतरवलेले नारळ, लिंबे, बिब्बे, त्याच्या अंगावरचे कपडे आगीत टाकले जातात आणि त्यांच्याबरोबर पीडाही जळते, अशी समजूत. येणाऱ्यांत ‘लागीर’ झालेले, ‘करणी’ झालेले मोठ्या संख्येने असतात. बायका केस मोकळे सोडून घुमतात. काही घरे आपला माणूस तिथे महिनोन्‌महिने ठेवून राहतात. त्यांतल्या अनेकांना स्किझोफ्रेनिया असतो, कुणाला उन्माद-अवसाद, कुणाला फेफरे, कुणाला बाळंतपणानंतरचे नैराश्य.

यांना दवाखान्यात का नेत नाहीत, असे विचारणाऱ्याने आधी नकाशा बघावा. राज्यात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. बुलढाण्याहून नागपूर तीनशेहून अधिक किलोमीटर. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले, की आजाराच्या प्रकारानुसार देशातले ७० ते ९२ टक्के मनोरुग्ण उपचारांपासून वंचित आहेत. दर्गा आणि दवाखाना यांतून निवड करायची वेळ बहुतेकांवर येतच नाही.

आणि श्रद्धास्थानी राहून कुणालाच बरे वाटत नाही, असेही नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी तमिळनाडूतल्या एका खेडेगावच्या मंदिरात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास केला. तो २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सरासरी सहा आठवड्यांत त्यांच्या लक्षणांत जवळपास वीस टक्के घट झालेली आढळली, औषधाशिवाय. पण त्या मंदिरात कुणाला साखळी नव्हती, मार नव्हता. घरचे माणूस सोबत होते, रोज झाडलोटीसारखे हलके काम होते, कुणी हिणवत नव्हते. आधार मिळाला की माणूस सावरतो, एवढे त्यातून दिसले. भूत होते आणि ते गेले, असे मात्र नाही. त्याच तमिळनाडूत एर्वाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका खासगी आश्रमाच्या झोपडीला आग लागली. आतले मनोरुग्ण साखळदंडाने बांधलेले होते. २८ जण गेले.

गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्याने यातून शहाणी वाट काढली. ‘दवा आणि दुआ’ या उपक्रमात दर्ग्यातले मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला आवारातल्याच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. मुजावराने सांगितले की घरचे ऐकतात. श्रद्धा सोडायची अट कुणाला घातलेली नाही, आणि गोळीही चुकत नाही. सैलानीला जाणाऱ्या माणसाच्या भल्याची कळकळ असलेल्या कुणालाही ही वाट पटेल.

साखळीवर मात्र तडजोड नको, आणि ती कायद्यानेही नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलेच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे याविषयी आहे. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. या कायद्यात देव-धर्माची व्याख्याही नाही आणि निंदाही नाही. वारी, कीर्तन, यात्रा, दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन, इतकेच नव्हे तर जोशी, ज्योतिषी, नंदीबैलवाले आणि भूगर्भातले पाणी सांगणारे यांचा सल्लासुद्धा त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. भेंडवळच्या घटाला या कायद्याने काडीचाही धक्का लागत नाही.

इतका सौम्य कायदा व्हायला अठरा वर्षे लागली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मसुदा घेऊन एका सरकारकडून दुसऱ्याकडे जात राहिले. हा कायदा आला तर वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल, अशी भीती गावोगाव पेरली गेली. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा झाला. गोळ्यांनी पुढेही बळी घेतले: २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे, ऑगस्टात धारवाडला एम. एम. कलबुर्गी, २०१७ च्या सप्टेंबरात बंगळुरूत गौरी लंकेश. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे पुराव्याअभावी सुटले.

श्रद्धाळू आणि मूलतत्त्ववादी यांत इथे रेघ ओढावी लागते. भेंडवळच्या पहाटे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कुणी विचारले, की मागच्या वर्षी सोयाबीनचे काय झाले हो, तर तो डोके खाजवतो, कधी हसतो, कधी वाद घालतो. तो प्रश्न विचारणाऱ्याच्या जिवावर उठत नाही. मूलतत्त्ववाद्याला प्रश्नच नको असतो, कारण त्याच्या लेखी उत्तर आधीच ग्रंथात मिळालेले असते आणि शंका घेणे हाच गुन्हा. हे कोणत्या एका धर्माचे नव्हे. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसऱ्यांनंतर आठवड्याभरात ढाक्यात अविजित रॉय या विज्ञानलेखकाला पुस्तकमेळ्याबाहेर कोयत्याने तोडले. आपल्याकडे हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरुद्ध सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, आणि त्यापायी स्वकीयांचे शिव्याशाप आणि हल्ले सोसले. दलवाई नास्तिक होते आणि ते त्यांनी लपवले नाही.

नास्तिक म्हटले की लोकांना वाटते, नीती सोडलेला माणूस. २०११ च्या जनगणनेत देशभरात स्वतःला नास्तिक लिहिणारे तेहतीस हजारांच्या आसपास निघाले, त्यांतले साडेनऊ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. या परंपरेचा एक धागा वऱ्हाडात आहे. गोपाळ गणेश आगरकरांचे मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण अकोल्याला झाले, आत्यंतिक गरिबीत. पुढे पुण्यात सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ‘सुधारक’ पत्राची धार त्यांनी बोथट होऊ दिली नाही. ३९ व्या वर्षी ते गेले. देव नाकारणारा माणूस किती कठोर नीतीने जगू शकतो, हे पाहायचे तर त्यांचे चरित्र वाचावे.

मात्र वऱ्हाडातल्या खेड्यांत विवेक रुजवला तो नास्तिकांपेक्षा एका भजन म्हणणाऱ्याने. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. थोरल्या मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण-दारू न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, तिथून त्यांचे बंड सुरू झाले. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच जागी कीर्तन करायचे. कीर्तनात ते उपदेश कमी करत आणि प्रश्न जास्त विचारत. उत्तर समोरच्या शेतकऱ्याच्याच तोंडून काढत, वऱ्हाडी बोलीत. देवापुढे कापलेल्या बकऱ्याचे मांस कोण खाते, नवसाने पोर होते तर लग्न कशाला, अशा अर्थाचे ते प्रश्न असत आणि शेवट ‘गोपाला गोपाला’च्या गजरात होई. पडताळा मागायला आधी नास्तिक व्हावे लागत नाही, हे त्यांनी हजारो खेडुतांना दाखवून दिले. दाभोलकरांनीही आपल्या समितीत देव मानणाऱ्यांना दार बंद केले नव्हते. त्यांचा झगडा शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांशी होता.

आता जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, लोणारला जाऊ. तिथे पुराण आणि भूशास्त्र शेजारी शेजारी राहतात. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहून त्रास द्यायचा, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले आणि त्याच्या जागी हे विवर पडले, अशी कथा आहे. गावात दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर आहे, विवराच्या तळाशी पाण्याकाठी कमळजादेवी आहे आणि नवरात्रात तिथे गर्दी लोटते. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि काठापासून जवळपास दीडशे मीटर खोल.

ब्रिटिश अधिकारी जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये त्याची नोंद केली. त्यानंतर जवळपास दीडशे वर्षे बहुसंख्य भूशास्त्रज्ञ हे ज्वालामुखीचे मुख आहे असे मानत. सगळे दख्खनचे पठारच लाव्ह्याचे, तेव्हा तसे वाटणे वावगे नव्हते. पण हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि विवराचा काठ मात्र इतका ताजा, हे कोडे सुटत नव्हते. मग तळाला बोअर घेतले गेले. वर आलेल्या खडकात मास्केलिनाइट सापडले, म्हणजे प्रचंड दाबाच्या धक्क्याने काचेसारखे झालेले स्फटिक. इतका दाब ज्वालामुखीत निर्माणच होत नाही, तो आघातातच होतो. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध सायन्स नियतकालिकात आला आणि लोणार उल्केने पडलेले विवर ठरले. दीडशे वर्षांचे मत मागे घेतले गेले, त्यासाठी कुणाची प्रेतयात्रा निघाली नाही.

दैत्यसूदनाच्या पुजाऱ्याने बोअरचे यंत्र अडवले नाही आणि भूशास्त्रज्ञांनी मंदिर बंद करा म्हटले नाही. लवणासुराची गोष्ट शाळेतल्या भूगोलाच्या तासाला पर्याय म्हणून कुणी पुढे केली, तर मात्र हे सख्य मोडेल. ती भीती अगदीच निराधार नाही. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी खुले पत्र लिहून विरोध केला होता.

जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. गावात नाना तर्क उठले. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्म जीवांनी आपले गुलाबी रंगद्रव्य सोडले, असा निष्कर्ष निघाला. पावसाने पाणी वाढले की रंग जाईल, असे सांगितले गेले आणि तसेच झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

उल्का नक्की कधी पडली, यावर मात्र अजून एकमत नाही. १९९७ मध्ये वितळून झालेली काच तापवल्यावर जो प्रकाश निघतो त्यावरून वय ५२ हजार वर्षे ठरवले गेले होते, सहा हजार इकडे किंवा तिकडे. २०११ मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून ते ५ लाख ७० हजार वर्षे निघाले, ४७ हजार इकडे किंवा तिकडे. दोन्ही उत्तरे बरोबर असणे शक्य नाही. एका पद्धतीत काचेतला जुना आर्गॉन पूर्ण निघून गेला नसावा, की दुसरीत नंतरच्या उष्णतेने घड्याळ पुन्हा शून्यावर आले असावे, यावर अभ्यासक वाद घालत आहेत आणि त्यासाठी काठावरचे आणि तळातले दगड आजही प्रयोगशाळांत जात आहेत.